हाकेचा डोह

करंजपाणी गावाच्या खाली नदी एका काळ्या कड्याला वळसा घालते. त्या वळणावर एक डोह आहे. वैशाखात नदी वर आणि खाली कोरडी पडते, गोटे तापतात, वाळू पायाला पोळते. या डोहाचे पाणी मात्र पुरुषभर खोल राहते. काठावर पाण्याकडे तोंड करून एक उभा खडक आहे. त्याला हाकेचा खडक म्हणतात. खडकाच्या पायथ्याशी एक सपाट शिळा असून तिच्यावर माशांचे वाळलेले खवले चिकटलेले असतात. त्या शिळेवर ठेवलेले मासे गावात कोणी खात नाही.

गेल्या उन्हाळ्यात गावाच्या वनहक्क समितीने आपल्या शिवाराची जुनी वहिवाट लिहून काढण्याचे काम हाती घेतले. कोणत्या रानातला मोह कोणी वेचायचा, गुरांची वाट कोणती, पाणी कोणाचे, हे सारे कागदावर यावयाचे होते. त्यासाठी तालुक्याहून दोघे जण आले. एक मोजणी करणारे गृहस्थ आणि दुसऱ्या लिहून घेणाऱ्या शिक्षिका. अखितीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, दुसरा दिवस होता. गृहस्थ उन्हाने कावले होते. डोहाच्या उशाशी झरा आहे, त्याची ओघळ पायवाटेला येते. तेथे ते पाणी प्यावयास वाकले. एवढ्यात हिरामण गावित यांनी आपली काठी आडवी धरली. त्यांचे वय सत्तरीच्या पुढे आहे.

"थांबा साहेब. हाक व्हायची हाय अजून."

"कसली हाक, आजोबा? घसा कोरडा पडलाय."

"दोन घटका कोरडा राहिला तर माणूस मरत नाय. दोन दिस राहिला तर मरतो. ते इथंच घडलंय. बसा." मग शिक्षिकेकडे वळून ते म्हणाले, "बाई, आधी ऐका, मग लिहा."

जांभळीच्या सावलीत बसून हिरामण आजांनी जे सांगितले, ते असे.

गडावर हवालदार बसत असे त्या काळची ही गोष्ट. नदीला तेव्हाही दोनच पाडे होते, वरचा आणि खालचा. अखितीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही पाडे या डोहात एकत्र मासे धरीत. डोंगरातल्या एका झाडाची साल कुटून पाण्यात टाकली की मासळी गुंगते आणि वर येते. मग ती हातांनी वेचायची. त्या सालीने माणूस मरत नाही, पण गुरे फुगतात आणि लेकरे ओकतात. म्हणून नेम असा होता की गावित कुळातल्या एकाने खडकावर उभे राहून नदीच्या खालच्या अंगाला तीनदा हाक द्यावी: "पाणी पिऊ नका! गुरं पाजू नका!" खालच्या पाड्यातून "ओ" आली म्हणजेच साल पाण्यात पडावी. एका साली वारा उलटा होता आणि उत्तर ऐकू येईना. तेव्हा माणसे सालीच्या टोपल्या मांडीवर घेऊन दोन प्रहर बसून राहिली, असे सांगतात.

वाटणीचाही नेम होता. प्रत्येक चुलीला एक वाटा. ज्या घरी कर्ता पुरुष नाही, त्या घरालाही एक. गरोदर बाईला मात्र दोन, कारण पोटातल्या जिवाची भूक वेगळी. धान्याची देवता कणसरी माउली हिने जे दिले ते वाटून खाण्यासाठी दिले, अशी या लोकांची श्रद्धा आहे. देवाच्या देण्यावर जो एकटा बसतो, त्याच्याशी तिचे जमत नाही.

हवालदाराचे नाव अंबाजी होते म्हणे. आडनाव गावाने लक्षात ठेवले नाही. तो आला तेव्हा सलग दोन पावसाळे उणे गेले होते. गडावरचे टाके आटले, तशी त्याने सात शिपाई डोहावर बसवले आणि काठाला काटेरी कुंपण घातले. दोन्ही पाड्यांच्या बाया वाळूत खड्डे खणून, वाटी वाटीने हंडा भरू लागल्या. वर शिपायांच्या चुलीला रोज लाकडे पोचवण्याची वेठ गावावर बसली.

अखिती आली. हाक देण्याचा मान त्या वेळी सुकऱ्या गावित याच्याकडे होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो खांद्यावर सालीची टोपली घेऊन कुंपणाशी गेला.

"हवालदार, आमचा दिस आलाय," तो म्हणाला. "आजच्यापुरता डोह मोकळा करा. तुमच्या माणसांनाबी वाटा देऊ."

"माझ्या पाण्यातला वाटा मला देतोस?"

"पाणी तुमचं नाय, आमचंबी नाय. माउलीचं हाय. आमी फक्त हाक देतो."

हवालदार शिपायांकडे पाहून हसला. "हाक देतो म्हणे! मासे ऐकतात काय रे तुझी हाक? मग पाणीही ऐकेल. बांधा याला त्या खडकाला. हाक मार, गावित. पाणी आलं तर पी."

त्यांनी त्याला पाण्याकडे तोंड करून बांधले. पहिल्या दिवशी सुकऱ्याने हाका मारल्या, पण पाण्यासाठी नव्हे. शिपायांजवळ बंदुका होत्या. कोणी सोडवायला येऊ नये, पोरे आवरावी, एवढेच तो पाड्याला ओरडून सांगत होता. दुसऱ्या दिवशी त्याचा आवाज गेला. तिसऱ्या सकाळी त्याची मान पडलेली होती. पाण्यापासून आठ हातांवर एक माणूस तहानेने मेला.

प्रेत न्यायला त्याची बायको झिपरी आली. एक शिपाई म्हणाला, "ने तुझा हाक्या. घसा बसलाय त्याचा." झिपरीने त्या शिपायाकडे नीट पाहिले. मग बाकीच्या सहांकडे एकेक करून पाहिले.  ती रडली नाही, आणि पाड्याला त्याचीच धास्ती वाटली.

सुकऱ्याला माती देऊन झाल्यावर ती भिवा भगताच्या देवघरी गेली आणि तिने नेम केला: "ज्याच्याकडं बघत माझा धनी मेला, तेच पाणी त्यांच्या नरड्यात उतरंल आन त्यांना घेऊन जाईल. तवर मी गळ्यातली पोत तोडणार नाय."

भगताने सुपात तांदळाचे दाणे टाकून कौल पाहिला. 

"माउली तुला अडवत नाय," तो म्हणाला. "पापी हायती ते, मरतील. पर झिपरे, झऱ्याची ओघळ खालच्या वाटेला जाते. ती तुझ्या वैऱ्याची नाय. हाक दिल्याबिगर पाण्यात कायबी घालू नको."

"हाक दिली तर शिपाई ऐकतील की."

"मग दुसरी वाट बघ."

"दुसरी वाट बंदुकीच्या तोंडातनं जाते, भगत. तुमी याल का संगं?"

भगत गप्प राहिला. त्याचे गप्प राहणेही गावाने दोषात धरले. म्हणून भगताचा वाटा आजही सर्वांच्या शेवटी पडतो.

झिपरीला एकच लेक होती, पवळी. ती दोन डोंगर ओलांडून दिलेली होती आणि आठव्या महिन्यात होती. घरात माणूस गेले की सोयऱ्यांकडे तत्काळ सांगावा जावा, अशी या लोकांची रीत. सांगावा घेऊन निघालेल्या माणसाला झिपरीने उंबऱ्यावरच थांबवले. ती म्हणाली, "पोर जड अंगाची हाय. उन्हाची धावत येईल, उर बडवून घेईल. अवस सरली की पहिल्या बाळंतपणाला यायचीच हाय, तवा सांगू." हे तिने लेकीच्या मायेने केले. शिवाय रडणाऱ्या सोयऱ्यांनी भरलेल्या घरात तिला जे कुटायचे होते ते कुटता आले नसते. दोन्ही कारणे खरी होती, आणि दुसरे तिने कोणाला सांगितले नाही.

शिपायांच्या लाकडांची वेठ तिने स्वतः मागून घेतली. रोज सकाळी ती मोळी घेऊन कुंपणाच्या आत जाई. पहिले काही दिवस शिपाई तिच्यावर डोळा ठेवून असत. नंतर थट्टा करू लागले.

"नवरा बांधला आम्ही, आणि बायको आमच्या चुलीला लाकडं आणते!"

"चुलीला काय कळतं, दादा," झिपरी म्हणे. "पुढ्यात येईल त्याला जाळायचं, एवढंच तिला ठावं."

ते हसत.

जे तिने कुटले ती मासे धरण्याची साल नव्हती. ते एक मूळ होते. डोंगरात ते कोठे मिळते हे तेव्हा पाड्यातल्या चार म्हाताऱ्यांना ठाऊक होते, आणि त्यांच्याकडूनच झिपरीला कळले. त्याचे नाव हिरामण आजांनी सांगितले नाही, आणि त्यांना विचारणे कोणालाही योग्य वाटले नाही.

सुकऱ्याला जाऊन बारा दिवस झाले. त्या दिवशी हवालदार स्वतः गडावरून खाली उतरला. शिपायांनी सांबर मारले होते, त्याची मेजवानी होती. झऱ्याच्या तोंडाशी हातभर खोल कुंड आहे. पिण्याचे पाणी तेथूनच घेत. झिपरीने मोळी टाकली, पाणी पिण्याच्या मिषाने कुंडाशी गुडघे टेकले आणि फडक्यात बांधलेले मूळ तळच्या दगडाखाली सारले. मग ती हाकेच्या खडकावर जाऊन बसली. भर दुपार होती. खारवलेले मांस खाऊन ते आठही जण पुन्हा पुन्हा पाणी प्याले.

पहिल्यांदा एकाने पोट धरले, तेव्हा बाकीचे त्याला हसले. पुढे हसायला कोणी उरले नाही. हवालदार सर्वांत दणकट होता. तो रांगत खडकाच्या पायथ्याशी, त्या सपाट शिळेपर्यंत आला. त्याची जीभ सुजली होती. त्याने वर पाहून पाणी मागितले.

झिपरी म्हणाली, "हाक मार, हवालदार. पाणी आलं तर पी."

तो निपचित पडेपर्यंत ती जागची हलली नाही. मग उठली. गळ्यातली पोत तिने तोडली आणि मणी डोहात टाकले. तिचा नेम पुरा झाला होता. मेलेल्या नवऱ्याला ऐकू जावे आणि वैऱ्यांना परलोकीही सलावे, म्हणून तिने त्याचीच हाक त्याच खडकावरून दिली. बाईने ती हाक देण्याची ही पहिलीच वेळ.

"पाणी पिऊ नका! गुरं पाजू नका!"

तीनदा. तिसरी हाक कड्यावरून विरते न विरते तोच खालून उत्तर आले.

"ओ!"

ते पाड्यातून आले नव्हते. फार जवळून आले होते, आणि आवाज पुरुषाचा नव्हता.

"ओ, आये! मी हाय!"

पवळीला बातमी एका मीठ विकणाऱ्याकडून कळली होती. त्याने सासरच्या अंगणात सहज विचारले, सुकऱ्या गावितची लेक ती हीच का, आणि मग आपण काय बोललो हे त्याच्या ध्यानात आले. ती उजाडताच निघाली. दोन डोंगर उतरून ओघळीशी या जांभळीखाली टेकली होती.

झिपरी धावत खाली आली. पवळी तिला पाहून रडू लागली. "बा गेला नि मला सांगावाबी नाय धाडलास, आये? लोकाच्या तोंडून ऐकायचं मी? मला माहेर हाय का नाय?"

झिपरीने विचारले, "पवळे, तू पाणी प्यालीस?"

"तुझी हाक ऐकली गं. पर मी तर आदीच प्याले. दोनच ओंजळी." तिने पोटावर हात ठेवला. "एक माझी, एक ह्याची."

सूर्य कड्याला टेकण्याच्या आत दोन्ही जीव गेले.

वरच्या पाड्याला इकडचे काहीच ठाऊक नव्हते. हवालदार मेल्याचे कळताच ते ढोल घेऊन आले आणि पवळीचे प्रेत पाहून जागच्या जागी थांबले. तिसऱ्या दिवशी पंच बसले. कुंपण उपटले गेले होते, डोह मोकळा झाला होता. कोणी म्हणाले, झिपरी माणूस नव्हे, देवी आहे.

"देवी म्हणेल त्याची जीभ झडंल," झिपरी म्हणाली. "वैरी मेले त्याचं मला दुःख नाय. आज जिते झाले तर पुन्यांदा मारीन. पर मी आदी हाक दिली नाय, आन सांगावाबी धाडला नाय. त्याचा दंड द्या. जसा धनी बांधला तशी मला बांधा."

दंड मागण्याचा हक्क पवळीच्या सासऱ्याचा होता. त्याचे नाव लाखमा. त्याची सून आणि नातवंड दोन्ही दोन ओंजळींनी गेली होती. तो उठला तेव्हा सर्वांना वाटले, हा तिचा जीव मागणार.

"बांधलं तर दोन दिसांत सुटशील," लाखमा म्हणाला. "इतक्यात नाय सोडायचा मी तुला. तू जगायचं. दरसाल अखितीच्या दुसऱ्या दिशी ह्याच खडकावर हाक द्यायची. उत्तर पाड्यातला गडी देणार नाय. जी बाई पोटुशी असंल, ती त्या ओघळीपासून 'ओ' देईल. ती तू ऐकायचीस. आन पैले दोन वाटे त्या शिळेवर पडतील, ते कुणी खायाचे नायत. ते कोणाचे, ते तुला ठावं हाय."

पंचांनी मान डोलावली. पुढे त्यांनी आपले दोन शब्द घातले. या डोहात साल पुन्हा पडायची नाही. मासे जाळ्यानेच धरायचे. आणि त्या मुळाची जागा ज्या चार म्हाताऱ्यांना माहीत होती, त्यांनी ती कोणाला सांगायची नाही. ती एका झिपरीजवळ राहील, कारण ज्या तोंडी मुळाचे नाव, त्याच तोंडी हाक असावी.

हा दंड न्याय होता की आणखी एक सूड, हे गावाने कधी ठरवले नाही. गडावरून पुन्हा कोणी डोहावर पहारा बसवला नाही, एवढे मात्र खरे, असे सांगतात.

झिपरी त्यानंतर एकतीस उन्हाळे जगली. दरसाल ती हाक देई आणि ओघळीकडून भरल्या पोटाच्या बाईचा आवाज आला की मटकन खाली बसे. त्या झऱ्याचे पाणी ती पुन्हा कधी प्याली नाही. शेवटच्या साली तिचा घसा चालेना. तेव्हा तिने दिराच्या सुनेला डोंगरात नेऊन मूळ दाखवले आणि खडकावर आणून हाक शिकवली. तेव्हापासून हे दोन्ही सासूकडून सुनेकडे एकत्रच जाते. सुनेला एक शिकवायचे आणि दुसरे नाही, असे आजवर झालेले नाही.

हिरामण आजांचे सांगणे येथे संपले. एव्हाना दोन्ही पाड्यांची माणसे जाळी आणि टोपल्या घेऊन काठावर जमली होती. पण कोणी पाण्यात पाय घातला नव्हता. आजांच्या वहिनी सोमीबाई सावलीच्या कडेला बसून सारे ऐकत होत्या. हल्ली हाक त्यांच्याकडे आहे.

शिक्षिकेने त्यांना विचारले, "आता तर साल घालत नाही, विष घालत नाही. मग पाणी पिऊ नका असं कशाला ओरडायचं?"

सोमीबाईंनी पदर खोचला. "मूळ कुठं हाय ते मला ठावं हाय ना, बाई. मागल्या साली काही लोक इथं तारा ठोकायला आले हुते. म्हणाले, डोह आता त्यांचा. ग्रामसभेनं परतवून लावले. पर त्या दिशी मी दोनदा डोंगराकडं बघितलं." त्या खडकाकडे चालू लागल्या. "हाक तुमाला नसती. मला असती."

हिरामण आजा म्हणाले, "वहिनी, पाव्हण्याला भिववू नको."

"भ्यायलाच पायजे," त्या वर चढताना म्हणाल्या. "मीबी भिते."

त्यांनी हाक दिली. तीनदा. गृहस्थांनी आपले यंत्र खाली ठेवले. काठावर दीडशे माणसे होती आणि पाण्याच्या ओघळीखेरीज काही ऐकू येत नव्हते. मग ओघळीकडून एका तरुण बाईचा आवाज आला, "ओ!", आणि पहिले जाळे पाण्यात पडले.

शिक्षिकेने वहीत लिहिले: डोह दोन्ही पाड्यांचा. उत्तर आल्यावाचून वापर नाही.

आजही करंजपाणीला अखितीच्या दुसऱ्या दिवशी हाक होते. आजही पहिले दोन वाटे शिळेवर पडतात आणि संध्याकाळपर्यंत घारी ते नेतात. त्यानंतर चुलींचे वाटे होतात, गरोदर बाईला दोन मिळतात आणि भगत आपल्या पाळीची वाट पाहत शेवटी उभा राहतो. त्या दिवशी सगळा गाव झऱ्याचे पाणी पितो. सोमीबाई घरून आणलेले पितात.